बंद सभागृहातील आतषबाजी आणि कायदा : गोंदिया जिल्ह्यातील आयोजकांसाठी

बंद सभागृहातील आतषबाजीसाठी भारतात एकच असा स्वतंत्र कायदा नाही. स्फोटकांचा कायदा केंद्राचा, अग्निसुरक्षेचा राज्याचा, आवाजाचे नियम पर्यावरण कायद्याखालचे आणि कोणी दगावले तर लागणारी कलमे भारतीय न्याय संहितेची. गोंदिया, तिरोडा, आमगाव किंवा देवरीच्या मंगल कार्यालयात नवरा-नवरीच्या ‘एन्ट्री’ला दोन्ही बाजूंनी ठिणग्यांचे कारंजे उडते, त्या अर्ध्या मिनिटाला हे चारही कायदे एकाच वेळी लागू असतात. हॉलमालक, डेकोरेटर, डीजेवाला, इव्हेंटवाला आणि हॉल आरक्षित करणारे कुटुंब या पाचांपैकी परवानगी कोणी काढायची, हे मात्र अनेकदा कोणीच विचारलेले नसते. ‘ते त्यांनी बघितले असेल’ असे प्रत्येकाला वाटते, आणि धोक्याची सुरुवात इथेच होते.

आधी आतषबाजी कशाला म्हणायचे ते पाहिले पाहिजे. फटाके आणि अनार तर त्यात आलेच. केकवर लावली जाणारी, ठिणग्या उडवणारी मेणबत्ती, हातातली फुलबाजी, रंगमंचावर बटण दाबून पेटवली जाणारी नळी आणि ‘कोल्ड पायरो’ किंवा ‘कोल्ड फायर’ या नावाने भाड्याने मिळणारे कारंजे हीसुद्धा त्याच कुळातली. कोल्ड पायरोचे दोन प्रकार असतात. एका प्रकारात कागदी किंवा पुठ्ठ्याच्या नळीत दारू भरलेली असते आणि ती विजेच्या तारेने पेटवतात. दुसऱ्यात टायटॅनियम, झिर्कोनियम यांसारख्या धातूंची भुकटी यंत्रात तापवून पंख्याने वर फेकली जाते आणि ती हवेत जळते. दोन्हींत जळतो तो धातूच. ठिणगी अगदी बारीक असते आणि लगेच विझते, म्हणून हाताला चटका बसत नाही, एवढाच ‘कोल्ड’ या शब्दाचा अर्थ. नळीच्या तोंडाशी उष्णता भरपूर असते. त्या तोंडावर साडीचा पदर, जाळीची झालर किंवा कागदी फूल आले तर ते पेट घेते. विक्रेता ‘हे फटाके नाहीतच’ असे सांगतो, पण कायद्याची व्याख्या तसे म्हणत नाही. स्फोटके अधिनियम, १८८४ मधील ‘स्फोटक’ या शब्दाच्या व्याख्येत आतषबाजीचे साहित्य स्पष्ट शब्दांत येते. शिवाय स्फोटाने किंवा आतषबाजीसारख्या परिणामाने काही साधण्यासाठी बनवलेला वा वापरलेला कोणताही पदार्थ किंवा मिश्रण तिच्यात बसते. व्याख्या मुद्दामच एवढी रुंद ठेवलेली आहे.

ठिणग्या उडवणारी मेणबत्ती तर खेळणे समजली जाते. पिंपरी-चिंचवडजवळ तळवडे येथे ८ डिसेंबर २०२३ रोजी अशाच मेणबत्त्या बनवणाऱ्या कारखान्याला आग लागली. त्या दिवशीच सहा महिला कामगारांचा मृत्यू झाला आणि पुढच्या दिवसांत आकडा वाढत गेला. वाढदिवसाच्या टेबलावरच्या त्या वस्तूत काय भरलेले असते, हे त्या दुर्घटनेने दाखवले.

उघड्या मैदानात जी आतषबाजी निभावून जाते ती छताखाली का निभत नाही, याचे कारण रसायनात आहे. आतषबाजीच्या मिश्रणात जळणाऱ्या पदार्थाबरोबर प्राणवायू पुरवणारे क्षारही मिसळलेले असतात. म्हणून एकदा पेटलेली नळी फुंकून, झाकून किंवा पाण्याच्या शिडकाव्याने सहज विझत नाही. त्यात सभागृहाचे छत कापडाने मढवलेले असते. भिंतींना आवाज शोषणारा फोम असतो, मंचामागे थर्माकोल आणि प्लायवूड, वर कृत्रिम फुलांचे घोस. पॉलियुरेथेन फोम पेटला की कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड हे वायू तयार होतात. ते छताला साचतात आणि तिथून खाली उतरत येतात. अमेरिकेतील र्‍होड आयलंड राज्यात ‘द स्टेशन’ या क्लबमध्ये २० फेब्रुवारी २००३ रोजी वाद्यवृंदाच्या आतषबाजीने भिंतीवरचा फोम पेटला. १०० माणसे मेली. तिथे नंतर झालेल्या शास्त्रीय तपासणीत आढळले की, आग लागल्यापासून साधारण दीड मिनिटात आत श्वास घेणे अशक्य झाले होते. दीड मिनिटात गोंदिया शहरातल्या शहरातसुद्धा अग्निशामक गाडी पोहोचू शकत नाही. सालेकसा किंवा अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या गावाचे तर बोलायलाच नको. म्हणून बंद जागेत वाचवणारी गोष्ट एकच, ती म्हणजे आग लागूच न देणे, आणि लागलीच तर उघडे, रुंद दार.

ब्राझीलमधील सांता मारिया शहरात २७ जानेवारी २०१३ रोजी ‘किस’ क्लबमध्ये २४२ जणांचा जीव गेला. तिथे मोकळ्या जागेसाठी बनवलेली नळी आत पेटवली होती. रुमानियात बुखारेस्टच्या ‘कोलेक्टिव्ह’ क्लबमध्ये ऑक्टोबर २०१५ मध्ये पुन्हा तेच घडले. स्वित्झर्लंडच्या क्रांस-मोंताना गावात १ जानेवारी २०२६ च्या पहाटे बाटल्यांना लावलेल्या फुलबाज्यांनी तळघरातल्या बारचे छत पेटले आणि किमान ४० जीव गेले. युरोपातले कडक नियमही तिथे दारापर्यंतच राहिले.

महाराष्ट्राच्या शेजारची घटना अगदी ताजी आहे. उत्तर गोव्यात हडफडे येथील ‘बर्च बाय रोमिओ लेन’ या नाइट क्लबला ६ डिसेंबर २०२५ च्या मध्यरात्री आग लागून २५ जणांचा मृत्यू झाला. मृतांत बहुसंख्य तिथले कामगार होते. आत उडवलेल्या विजेच्या आतषबाजीने आग लागल्याचे राज्य सरकारने सांगितले. बाहेर पडण्याच्या अरुंद वाटा हा चौकशीतला मोठा मुद्दा ठरला. त्यानंतर काही दिवसांतच उत्तर गोवा जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी नाइट क्लब, बार, हॉटेल, रिसॉर्ट, शॅक आणि तात्पुरते मांडव यांच्या आत फटाके, फुलबाज्या, पायरो, ज्वाला फेकणारी यंत्रे आणि धूर सोडणारी यंत्रे वापरण्यास बंदी घातली. हा आदेश भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली होता. जुन्या कलम १४४ ची जागा घेणारे हे कलम गोंदियाच्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांनाही तितकाच अधिकार देते. मात्र असा आदेश एका वेळी दोन महिन्यांपर्यंतच चालतो. पुढे राज्य सरकारने वाढवला तरच तो टिकतो. म्हणून आदेश आहे की नाही, हे दर हंगामाला जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा पोलीस ठाण्यात विचारूनच समजते. मागच्या वर्षी चालले होते, हे उत्तर पुरेसे नाही.

आदेश नसला म्हणजे मोकळीक असते असेही नाही. स्फोटके अधिनियमाखालचे स्फोटके नियम, २००८ हे साहित्य कोण बनवेल, साठवेल, विकेल आणि नेईल ते ठरवतात. त्यांची अंमलबजावणी करणाऱ्या पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेचे, म्हणजे ‘पेसो’चे, मुख्यालय नागपुरात आहे. जिल्हा पातळीवर छोट्या साठ्याचे आणि विक्रीचे परवाने, तसेच सार्वजनिक आतषबाजीची परवानगी हे जिल्हा दंडाधिकाऱ्यांचे काम. अर्जावर ते पोलीस आणि अग्निशमन विभागाचा अभिप्राय घेतात. परवानगी नाकारलेली असताना आतषबाजी केली तर काय होते, याचे उदाहरण केरळमध्ये कोल्लम जिल्ह्यातील परवूरच्या पुट्टिंगल मंदिरात १० एप्रिल २०१६ रोजी दिसले. तिथे जिल्हा प्रशासनाने नकार दिला होता, तरी आतषबाजी झाली आणि शंभराहून अधिक भाविक मृत्युमुखी पडले. विनापरवाना स्फोटके बाळगणे, वापरणे, विकणे किंवा वाहून नेणे यासाठी अधिनियमाच्या कलम ९-ब मध्ये दोन वर्षांपर्यंत कारावास, तीन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. दंडाची रक्कम आजच्या मानाने किरकोळ वाटेल, पण कारावास किरकोळ नाही.

याच नियमांतली दिवाळीच्या तात्पुरत्या दुकानांची तरतूद सभागृहवाल्यांनी मुद्दाम वाचण्यासारखी आहे. फटाक्यांची दुकाने न जळणाऱ्या साहित्याची असावीत, दोन दुकानांत किमान ३ मीटर अंतर असावे, वस्ती व महत्त्वाच्या वास्तूंपासून ती ५० मीटर दूर असावीत, समोरासमोर नसावीत, तिथे तेलाचा दिवा किंवा उघडी ज्योत नसावी आणि दुकानापासून ५० मीटरच्या आत फटाके उडवू नयेत, असे त्यात सांगितले आहे. मोकळ्या मैदानातल्या दुकानाला एवढी शिस्त लागत असेल, तर वधूच्या खोलीशेजारच्या कपाटात, केटररच्या गॅस सिलिंडरजवळ किंवा जनरेटरच्या बाजूला पायरोची खोकी ठेवणे हे नियमांच्या शब्दांत आणि हेतूत कुठेच बसत नाही.

साहित्य कोणते, यालाही बंधन आहे. गंधक आणि क्लोरेट यांच्या मिश्रणाला देशात १९९२ पासून बंदी आहे. सर्वोच्च न्यायालयाने अर्जुन गोपाल प्रकरणात २३ ऑक्टोबर २०१८ रोजी दिलेल्या निकालाने फक्त कमी धुराचे, म्हणजे ‘हरित’ फटाके, बनवायला आणि विकायला मुभा ठेवली. बेरियमचे क्षार वर्ज्य केले, लडींवर बंदी घातली आणि इंटरनेटवरून फटाके विकण्यास मनाई केली. दिवाळीला रात्री ८ ते १० ही वेळ याच निकालाची. लग्नासारख्या प्रसंगीही हरित फटाक्यांचेच बंधन आहे. बेरियमची बंदी देशभर पाळावी, हे न्यायालयाने २९ ऑक्टोबर २०२१ रोजी पुन्हा बजावले. हरित फटाक्यांची सूत्रे नागपूरच्या ‘नीरी’ने तयार केली असून खऱ्या खोक्यावर तिचे चिन्ह आणि क्यूआर कोड असतो. मात्र ‘हरित’ हा शब्द धुरापुरता आहे. हरित अनारही कापडी छत तितक्याच सहज पेटवतो. खोक्यावर ‘मोकळ्या जागेत वापरावे’ असे छापलेले असेल, तर सभागृहाचा प्रश्न तिथेच मिटतो. आत ते वापरायचेच नाही, त्यामुळे परवानगी मागण्यातही अर्थ उरत नाही.

युरोपीय संघाने या बाबतीत जे केले ते आपल्याकडे अजून झालेले नाही. तिथे आतषबाजीचे वर्ग पाडलेले आहेत. अतिशय कमी धोक्याचा पहिला वर्ग तेवढा घरात वापरता येतो. रंगमंचावरच्या साहित्याचे वेगळे दोन वर्ग आहेत आणि त्यातला धोक्याचा वर्ग प्रशिक्षित माणसाशिवाय कोणी हाताळू शकत नाही. अमेरिकेच्या ‘एनएफपीए ११२६’ या मानकात जवळच्या प्रेक्षकांसमोर आतषबाजी करताना किमान १५ फूट, म्हणजे सुमारे साडेचार मीटर, किंवा ठिणग्या पडण्याच्या त्रिज्येच्या दुप्पट, यांतले जे अधिक असेल तेवढे अंतर ठेवावे लागते. आधी लेखी आराखडा द्यावा लागतो आणि अधिकाऱ्याने मागितल्यास समोर चाचणी करून दाखवावी लागते. गोंदियाच्या आयोजकावर हे मानक बंधनकारक नाही. तरी ऑपरेटरला विचारायचे प्रश्न त्यातून आयते मिळतात. ठिणग्या किती उंच जातात, किती दूर पडतात, वरचे छत त्याहून किती उंच आहे आणि पाहुणे किती अंतरावर असतील? ज्याला ही चार उत्तरे मीटरमध्ये देता येत नाहीत, त्याला काम देऊ नये.

राज्याचा कायदा सर्वांत महत्त्वाचा आहे आणि सर्वांत कमी वाचला जातो. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ हा ६ डिसेंबर २००८ पासून लागू आहे. त्याच्या कलम ३ ने आगीपासून बचावाची साधने बसवणे आणि ती चालू स्थितीत ठेवणे ही जबाबदारी इमारतीच्या मालकावर किंवा भोगवटादारावर टाकलेली आहे. साधने बसवल्यावर परवानाधारक एजन्सीकडून नमुना ‘अ’ मधील प्रमाणपत्र घ्यायचे. त्यानंतर दरवर्षी जानेवारी आणि जुलै महिन्यांत ती चालू असल्याचे नमुना ‘ब’ मधील प्रमाणपत्र सादर करायचे. लग्नाचा मोठा हंगाम नेमका या दोन महिन्यांच्या मध्ये येतो, त्यामुळे हंगामात हॉल घेणाऱ्याला अलीकडचे प्रमाणपत्र मागता येते. मालकाने ते नाक न मुरडता दाखवावे. मूळ अधिनियमाच्या कलम ३६ नुसार कसूर करणाऱ्यास सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कारावास आणि वीस ते पन्नास हजार रुपये दंड होऊ शकतो. आगीचा धोका तातडीचा दिसला तर इमारत रिकामी करून सील करण्याचाही अधिकार अग्निशमन यंत्रणेला आहे. हॉलला मिळालेले अग्निशमन ना-हरकत प्रमाणपत्र हे इमारतीसाठी असते. त्यात आतषबाजीची परवानगी आपोआप येत नाही, ही गोष्ट वारंवार सांगावी लागते.

गोंदियाला आगीचा अनुभव नाही असे नाही. शहरातील बिंदल प्लाझा हॉटेलला २१ डिसेंबर २०१६ च्या पहाटे लागलेल्या आगीत सात जणांचा मृत्यू झाला होता. ती आग आतषबाजीचे उदाहरण म्हणून इथे दिलेली नाही. भर बाजारातल्या इमारतीतून धूर भरल्यावर बाहेर पडणे किती अवघड असते, हे या शहराने पाहिले आहे, एवढ्यासाठी दिली आहे.

राष्ट्रीय इमारत संहिता, २०१६ मध्ये सभागृहे ‘जमावाच्या इमारती’ या वर्गात येतात. त्यांना एकापेक्षा अधिक बाहेर पडण्याच्या वाटा हव्यात आणि त्यांची दारे बाहेरच्या बाजूला उघडणारी हवीत. प्रत्यक्षात मागचे दार केटररच्या भांड्यांनी अडलेले असते किंवा बिनबोलावल्या पाहुण्यांना आवर म्हणून त्याला कुलूप असते. हरियाणातील डबवाली येथे २३ डिसेंबर १९९५ रोजी शाळेच्या समारंभात मांडव पेटला आणि ४०० हून अधिक जण, त्यात बहुसंख्य मुले, मृत्युमुखी पडली. कापडी छत आणि अपुऱ्या वाटा ही तिथली कारणे आजही प्रत्येक मांडवात सापडतात.

झाडीपट्टीच्या रंगभूमीसाठी हा भाग विशेष लक्षात घेण्यासारखा आहे. दिवाळीनंतर मंडई आणि शंकरपटाच्या निमित्ताने अर्जुनी मोरगाव, सडक अर्जुनी, देवरी भागात रात्र-रात्र नाटके रंगतात आणि कनातीने वेढलेल्या जागेत मोठा प्रेक्षकवर्ग जमिनीवर बसतो. वर आकाश असले तरी चारी बाजूंनी कनात असलेली जागा पळण्याच्या दृष्टीने बंदच समजली पाहिजे. हाच काळ धानाच्या कापणीचा. शेजारच्या बांधीत पुंजणे उभी असतात, तणसाचे ढीग असतात. नाटकातल्या स्फोटाच्या किंवा देव प्रकट होण्याच्या प्रसंगाला प्रकाशझोत, ध्वनी आणि रंगीत दिव्यांनी तोच परिणाम साधता येतो. आतषबाजीचे साहित्य मंचावर आणूच नये. आयोजक मंडळाने कनातीला किमान दोन बाजूंनी रुंद वाटा ठेवाव्यात आणि रात्रभर प्रत्येक वाटेवर एक माणूस उभा करावा.

चित्रपटगृहांची गोष्ट वेगळी सांगावी लागते. नोव्हेंबर २०२३ मध्ये मालेगावच्या मोहन चित्रपटगृहात ‘टायगर ३’ चालू असताना प्रेक्षकांनी आतच रॉकेट आणि फटाके उडवले. पोलिसांनी गुन्हा नोंदवला आणि सलमान खान यांनी स्वतः चाहत्यांना असे न करण्याचे आवाहन केले. अशा ठिकाणी परवानगीचा प्रश्नच उद्भवत नाही. व्यवस्थापनाने दारात पिशव्या तपासाव्यात आणि फटाका वाजताच प्रयोग थांबवून दिवे लावावेत.

आवाजाच्या नियमांत उडवण्याच्या जागेपासून ४ मीटरवर १२५ डेसिबल एआय किंवा १४५ डेसिबल सी-पीक ही फटाक्याची कमाल मर्यादा आहे. रात्री १० ते सकाळी ६ या वेळात, तसेच रुग्णालय, शाळा आणि न्यायालयाभोवतीच्या १०० मीटरच्या शांतता क्षेत्रात आवाजाचे फटाके वाजवता येत नाहीत. लॉनच्या हिरवळीवर, छताबाहेर आतषबाजी करणाऱ्यांनाही हे लागू आहे.

अपघात झाला तर १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेची कलमे समोर येतात. आगीबाबत निष्काळजीपणा हे कलम २८७ आणि स्फोटकाबाबत निष्काळजीपणा हे कलम २८८. दोन्हींत सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दंड, किंवा दोन्ही. निष्काळजीपणाने मृत्यू झाल्यास कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत कारावास. धोका माहीत असूनही केल्याचे दिसले, तर सदोष मनुष्यवधाचे कलम १०५ लागू शकते. जिल्हा दंडाधिकाऱ्यांचा मनाई आदेश मोडणे हा कलम २२३ खाली वेगळाच गुन्हा. ही कलमे ऑपरेटरपुरती थांबत नाहीत. हॉलमालक, व्यवस्थापक आणि आग्रह धरणारा यजमान यांच्यापर्यंत ती पोहोचतात. म्हणून हॉलच्या करारनाम्यातच ‘सभागृहात, मंचावर आणि कापडी मांडवाखाली कोणतीही आतषबाजी, पायरो किंवा ठिणग्यांची मेणबत्ती वापरली जाणार नाही’ ही अट असावी आणि डेकोरेटर व डीजे यांच्याकडूनही तिच्यावर सही घ्यावी. आयत्या वेळी मंचाजवळ यंत्र लावलेले दिसले, तर ते काढायला लावण्याचा अधिकार या सहीने मिळतो.

छताबाहेर, मोकळ्या लॉनवर आतषबाजी करायचीच असेल, तर जिल्हाधिकारी कार्यालयात कार्यक्रमाच्या बऱ्याच आधी लेखी अर्ज द्यावा. अर्जात जागेचा नकाशा, अंतरे, साहित्याची यादी, परवानाधारक विक्रेत्याचे बिल आणि ऑपरेटरचे नाव असावे. एक प्रत पोलीस ठाण्यात आणि एक नगरपरिषद किंवा नगरपंचायतीच्या अग्निशमन विभागात द्यावी. तोंडी होकारावर विसंबू नये. कार्यक्रमाच्या रात्री वाळूच्या बादल्या, पाणी आणि चालू स्थितीतली अग्निशामक नळकांडी जवळ असावीत. न उडालेली नळी पुन्हा पेटवू नये, ती पाण्यात बुडवून ठेवावी.

पाहुणा म्हणून गेलेल्या माणसालाही बोलण्याचा हक्क आहे. कापडी छताखाली पायरोची यंत्रे लावलेली दिसली, तर व्यवस्थापकाला स्पष्ट सांगावे, लहान मुलांना आणि वृद्धांना मंचापासून दूर, दाराजवळ बसवावे आणि कोणी ऐकत नसेल तर ११२ वर पोलिसांना कळवावे. आग दिसली तर सामान गोळा करत न बसता वाकून, धुराच्या खालून बाहेर पडावे आणि बाहेर आल्यावर १०१ ला फोन करावा.